गुरुवारी हो, रविवारी नको

दाजी,

तुम्ही गुरुवारी एक बोललात, रविवारी बरोबर त्याच्या उलट बोललात आणि बुधवारी दुपारी गेलात. मधल्या शुक्रवारी मी तुम्हाला फोनवर जे सुनावलं, ते घराबाहेर कुणालाच ठाऊक नाही. महिनाभर मी हे चार वार पुढे-मागे करून बघतोय. कसेही लावले तरी अर्थ लागत नाही.

क्लबातली माणसं मला विचारतात, "मिलिंद, दाजींचं नेमकं काय म्हणणं होतं रे?" त्यांना वाटतं, सख्खा मेव्हणा, तेवीस वर्षं मैदानावर शेजारी उभा राहिलेला, याला ठाऊक नसणार तर कुणाला? मी मान हलवतो. ती हो म्हणून हलते की नाही म्हणून, मलाही सांगता येणार नाही.

अकरावीला मी वडगाव रासाईहून दौंडला तुमच्या घरी राहायला आलो, तेव्हा अक्काच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. बहिणीच्या घरी राहायचं तर अंग चोरून राहायचं, दुसरी भाकरी मागायची नाही, दाजींपुढं मोठ्यानं बोलायचं नाही, असं आईनं बजावून पाठवलं होतं. पहिल्या रविवारी तुम्ही मालगाडी घेऊन मनमाडहून आलात, अंघोळ केली, चहा प्यालात आणि मला म्हणालात, "चला पाव्हणं." मला वाटलं बाजारात पिशवी धरायला नेताय. तुम्ही नेलंत स्टेशनापलीकडच्या मैदानावर.

आमच्या गावात कबड्डी, जत्रेतल्या कुस्त्या आणि क्रिकेट. फुटबॉल मी टीव्हीवर पाहिला असेल तेवढाच. तिथं बनियनवर आकडे रंगवलेली अकरा माणसं पळत होती आणि लोक 'रनिंग रूम, रनिंग रूम' म्हणून ओरडत होते. रनिंग रूम म्हणजे ड्रायव्हर आणि गार्ड मुक्कामाला टेकतात ती खोली, हे मला काय माहीत? मला वाटलं, पळणाऱ्यांचा क्लब म्हणून तसं नाव. हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही इतके हसलात, की शेजारी उभे असलेले फ्रान्सिस काका, म्हणजे तुमचे गार्ड आणि क्लबाचे अध्यक्ष, विचारायला लागले काय झालं म्हणून. तुम्ही त्यांना सांगितलंत. मग ते हसले. मला राग यायला हवा होता. त्याऐवजी त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा मला मोकळं वाटलं.

त्याच दिवशी मी आईचा नियम मोडला. बॉल सारखा आकाशात होता. मागचा स्टॉपर पाय उचलून मारायचा, बॉल या टोकाहून त्या टोकाला, आणि सगळे त्याच्या मागं. मी विचारलं, "दाजी, ह्यो पायानं खेळायचा खेळ हाय ना? मग बॉल सारखा वर का?"

तुम्ही माझ्याकडं नीट पाहिलंत. मग कडेला नेऊन म्हणालात, चप्पल काढ. मी काढली. "आता घास पाय." घासला तर तळव्याला टोचलं. मैदानभर खडी होती, कुणी कधी टाकलेली आणि पावसानं पसरवलेली. "ह्याच्यावर बॉल खाली ठेवला तर कुठं जाईल ते बॉललाबी ठाऊक नसतं," तुम्ही म्हणालात. "मैदान बघून खेळ ठरवायचा, पाव्हणं."

मला ते पटलं नाही. तिथून आपलं भांडण सुरू झालं.

किती भांडलो आपण. मी म्हणायचो, बॉल खाली ठेवून छोटे पास द्या, धीर धरा. तुम्ही म्हणायचात, मार लांब, पुढचं पुढं बघू. यात एक गंमत होती, ती मी तुम्हाला कधी बोलून दाखवली नाही. तुम्ही जन्मभर मालगाडी चालवलीत. एक्स्प्रेस जाऊ दे म्हणून साईडिंगला दोन-दोन तास गप बसून राहायचात. आणि मी कारेगावला कारखान्याच्या लाइनवर, तासातासाला टार्गेट विचारणाऱ्यांच्या हाताखाली. खेळात मात्र तुम्हाला घाई आणि मला धीर. एकदा अक्का शेंगा फोडत बसली होती. आपण तिच्याच शेंगदाण्यांची टीम मांडून भांडत होतो. तुम्ही जरा उठून पाणी प्यायला गेलात तेवढ्यात तिनं तुमची सगळी बचावफळी कुटात घातली. परत आलात आणि म्हणालात, "बघ, खाली ठेवलं की असं होतंय."

शिरूरचा क्लब तगडा झाला आणि आपलं भांडण बदललं. तिकडं एका कॉन्ट्रॅक्टरनं क्लब हातात घेतला. पुण्याहून दोघं आणले, आणि कंपन्यांत कामाला आलेली बाहेरच्या राज्यांतली माणसं हेरून हेरून घेतली. केरळचा गोली, मणिपूरचा एक विंगर. दोन वर्षं लागोपाठ त्यांनी आपल्याला हरवलं. दुसऱ्या वर्षी चार गोल खाल्ले आपण. घरी येताना तुम्ही एक शब्द बोलला नाहीत आणि मी थांबलो नाही. मी म्हणत होतो, आता उडवा की खाली ठेवा हा प्रश्नच उरला नाही, आपणही माणसं आणली पाहिजेत.

घरी आल्यावर पायऱ्यांवर बूट काढताना तुम्ही बोललात. "ज्या पोरानं चार वर्षं त्या खडीवर गुडघं फोडून घेतलं, त्याला बाकावर बसवायचं आन् बाहेरचा आणायचा. मग क्लब कुणाचा, मिलिंद?"

तुम्ही मला नावानं क्वचितच हाक मारायचात. मी तरी म्हणालो, हरायला क्लब कशाला?

मग लखन आला. लखन माझ्या कंपनीत लोडिंगला आहे, कॉन्ट्रॅक्टवर. झारखंडचा, वय सत्ताविसाच्या आसपास, कारेगावात एका खोलीत बायकोबरोबर राहतो. कंपनीच्या मागं एक मोकळा प्लॉट आहे, तिथं रविवारी ही मंडळी खेळतात. मी एकदा सहज जाऊन उभा राहिलो. त्याच्या पायात बॉल आला की विरुद्ध बाजूचेसुद्धा जरा थबकतात, पुढं काय करतोय ते बघायला. तुम्हाला मी हे सांगितलं दिवाळीत. मिडफिल्डला खेळतो, असंही सांगितलं. तुम्ही म्हणालात, "बघू."

आता आपल्याकडं 'बघू' म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. पोरीसाठी स्थळ आणलं आणि बाप 'बघू' म्हणाला की समजायचं, चहा पिऊन निघायचं. मीही तसंच समजलो. मिडफिल्डला सिद्धार्थ खेळतो, तुमचा मुलगा, माझा भाचा. मी मनातच हिशेब जुळवला.

शुक्रवारी पहिली शिफ्ट सुटल्यावर मी कारेगावच्या स्टॉपवरून तुम्हाला फोन लावला. स्पर्धेसाठी नावांची यादी सोमवारी जाणार होती, आणि टीम ठरवायचात तुम्ही. मी विचारलं, लखनचं काय करताय? तुम्ही म्हणालात, घाई काय हाय, पाव्हणं. आणि माझं डोकं फिरलं. आठ तास उभं राहून पाय दुखत होते, पण ते कारण नाही. मला ते बोलायचंच होतं, कित्येक दिवसांपासून.

"दाजी, सरळ सांगा ना," मी म्हणालो. "लखन आला तर सिद्धार्थ बाहेर बसंल, म्हणून तुमचा पाय अडतोय. क्लबाच्या नावाखाली पोराला कशाला झाकता?"

तुमच्या बाजूला कुकरची शिट्टी झाली, तेवढी ऐकू आली. मग तुम्ही म्हणालात, "बरं." आणि जरा थांबून, "अक्काला द्यायचा का फोन?" मी नको म्हणालो आणि ठेवला. आपलं शेवटचं बोलणं ते.

बुधवारी तीनच्या सुमाराला सिद्धार्थचा फोन आला. लाइन चालू होती, मशीनच्या आवाजात मला "मामा, पप्पा" एवढंच कळलं. मोटारसायकलवर शिरूर कधी मागं पडलं, कुठं वळलो, काही आठवत नाही. मी पोचलो तेव्हा तुम्हाला घरी आणलेलंही होतं. जेवून आडवे झालात, छातीत दुखतंय म्हणालात, रिक्षात बसेपर्यंत सगळं आटोपलं. अक्का मला बघून रडली नाही. म्हणाली, "तू जेवला का रं?" मग रडली.

अंत्ययात्रेत पांढऱ्या कपड्यांत अर्धं दौंड आलं होतं. त्रिशरण-पंचशील झालं. परत निघताना फ्रान्सिस काकांनी माझा हात धरला. त्यांना वाटलं मला बरं वाटेल असं काहीतरी सांगावं. म्हणाले, "तुझ्या त्या लखनचं नाव गेलं हां लिस्टमध्ये. तुझे दाजीच बोलले. गुरुवारी सकाळी घरी आले, चहापण नाही घेतला. बोलले, फ्रान्सिस, मिलिंदचा तो मानूस टाक."

मी विचारलं, कोणत्या गुरुवारी? ते म्हणाले, हाच रे, मागचा.

गुरुवारी. म्हणजे शुक्रवारी मी स्टॉपवर उभा राहून तुमच्यावर तो आरोप करत होतो, तेव्हा नाव देऊन एक दिवस उलटला होता. आणि तुम्ही सांगितलं नाहीत. "मिलिंद, कालच नाव दिलंय, गप बस," एवढंच म्हणायचं होतं. मी जागेवर खजील झालो असतो, आपण हसलो असतो. तुम्ही 'बरं' म्हणालात. का?

तिसऱ्या दिवशी सिद्धार्थ पायऱ्यांवर एकटा बसला होता. मी शेजारी बसलो. त्याला माझ्या फोनचं काही ठाऊक नव्हतं. मी आडून आडून लखनचं नाव काढलं. तो म्हणाला, "पप्पांनी विचारलं होतं मला. जायच्या आदल्या बुधवारी, जेवताना. म्हणले, तुझ्या जागंवर एक चांगला मानूस हाय, आणू का?"

"मग?"

"मी म्हणलो, आणा."

"राग न्हाई आला?"

"आला की," तो म्हणाला. "दोन दिवस बोललो न्हाई त्यांच्याशी. पण विचारलं ना त्यांनी, मामा. न विचारता आणला असता तर मी क्लबच सोडला असता."

मला तिथं बसवेना. मी उठून नळावर तोंड धुतलं. बावीस वर्षांच्या पोराला तुम्ही विचारलंत. मी या सगळ्या प्रकरणात कुणाला काय विचारलं? लखनलासुद्धा धड विचारलं नव्हतं. खेळायला आवडंल का, एवढं म्हणालो असेन. तो हो म्हणाला, विषय संपला.

इथपर्यंत असतं तर मी समजू शकलो असतो. चुकलो, तुमच्यावर नको तो आळ घेतला, तुम्ही मोठ्या मनाचे म्हणून गप राहिलात. पण जलदान विधीच्या दिवशी लखन आला. अर्ध्या दिवसाचा पगार सोडून, बायकोला घेऊन, दोन गाड्या बदलून. मांडवाच्या कडेला उभा होता. मला वाटलं, लाइनवरचा सुपरवायझर म्हणून माझ्यासाठी आला असेल. जेवणं झाल्यावर त्यानं मला बाजूला घेतलं.

"भैया, अंकल को मेरा खेल अच्छा नहीं लगा क्या?"

मला आधी कळेचना, कोणते अंकल. मग तो सांगत गेला. तुम्ही लागोपाठ चार रविवार कारेगावला गेला होतात. प्लॉटच्या कडेला रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर बसून पूर्ण मॅच बघायचात. पहिले तीन रविवार काही बोलला नाहीत, बघून निघून जायचात. चौथ्या रविवारी, म्हणजे जाण्याच्या तीन दिवस आधी, त्याला हाक मारून टपरीवर चहा पाजलात. ओळख सांगितलीत. त्याच्या कामाचं विचारलंत. आणि निघताना म्हणालात, "बेटा, तुम हमारे क्लब में मत आना."

"तुमने पूछा नहीं, क्यों?" मी म्हणालो.

"बड़े थे. कैसे पूछता?" तो म्हणाला.

म्हणजे तुमचं 'बघू' खरोखरचं बघू होतं. दिवाळीनंतर तुम्ही बघायलाच गेलात. अक्काला सांगून जायचात, फ्रान्सिसकडं चाललोय. माझी खोली त्या मोरीपासून चालत दहा मिनिटांवर आहे, दाजी. चार रविवार तुम्ही माझ्या दारावरून गेलात आणि आत आला नाहीत. याचं मला वाईट वाटावं की बरं वाटावं? बघताना मी शेजारी नको होतो का? मी कानाशी बडबडत राहिलो असतो हे खरं आहे.

पण गुरुवारी नाव घालायला सांगितलं आणि रविवारी येऊ नको म्हणालात. मध्ये शुक्रवार आहे. मध्ये माझा फोन आहे.

मी माझ्या बाजूनं अनेक तऱ्हा लावून पाहिल्या. एकदा वाटतं, माझं बोलणं तुम्हाला इतकं लागलं की तुम्ही म्हणालात, जाऊ दे, नकोच तो मेव्हण्याचा माणूस. पण तुम्ही तसे नव्हतात. मग वाटतं, तसं असतं तर फ्रान्सिस काकांना सांगून नावही काढून घेतलं असतंत. सोमवारी यादी गेली, त्यात नाव तसंच होतं. मग वाटतं, विसरलात. तुम्ही, जे रिटायर झाल्यावरही घराबाहेर पडताना गॅस, नळ, कडी तीन-तीनदा तपासायचात? मग वाटतं, रविवारी त्याचा खेळ बघून मन बदललं. पण तीन रविवार बघूनच तर नाव दिलंत. मी पुन्हा सुरुवातीला येतो.

शेवटी अक्काला सांगितलं. सगळं, शुक्रवारचं वाक्यसुद्धा. मला वाटलं ती बोलणं टाकेल. तिनं तांदूळ निवडता निवडता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला ठावं हाय. मी तिथंच हुते, कुकर उतरवत. तुझा फोन ठेवला आन् हसलं ते. म्हणलं, तुझ्या भावाला तोंड फुटलं बघ."

"खरं सांगती का अक्का?"

"मग काय खोटं?"

मला कळत नाही, दाजी. अक्का सहसा खोटं बोलत नाही. पण लहानपणी मी विहिरीत घागर घालवली तेव्हा आईला तिनं सांगितलं होतं की तिच्याच हातून गेली, आणि स्वतः मार खाल्ला होता. माझ्यासाठी ती खोटं बोलू शकते. तुम्ही हसलात का? हसला असाल तर रविवारचं तुमचं बोलणं आणखीनच समजत नाही.

त्यानंतरच्या रविवारी कमिटी बसली. तुमची खुर्ची कुणी घेतली नाही, तुमच्या खुर्चीत पाण्याचा जार ठेवला होता. प्रश्न एकच, लखनला उतरवायचं की नाही. निम्मे म्हणाले, दाजींनीच नाव दिलंय, त्यांची शेवटची इच्छा. निम्म्यांना तोवर लखनकडून कळलं होतं. ते म्हणाले, त्याला येऊ नको म्हणाले, हीच शेवटची इच्छा. आवाज चढायला लागले. तेव्हा फ्रान्सिस काकांनी टेबलावर हात आपटला आणि म्हणाले, मिलिंद सांगेल.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला ठाऊक नाही, असं म्हणायचं होतं. तोंडातून आलं ते असं: "दाजी म्हणायचे, आधी मैदान, मग मानूस. त्या खडीवर बाहेरच्या कुणाला उतरवायचं न्हाई. आपल्या पोरांनाबी उतरवायचं न्हाई. आधी खडी उचला."

तुम्ही असं कधीच म्हणाला नव्हतात. मैदान बघून खेळ ठरवायचा, एवढंच म्हणायचात. मैदान बदला, असं तेवीस वर्षांत एकदाही नाही. मला वाटलं कुणीतरी म्हणेल, हे कधी म्हणाले रे? कुणी म्हणालं नाही. फ्रान्सिस काका डोळे पुसत म्हणाले, "हां, तसाच होता तो." आणि मागून आपला जुना गोली म्हणाला, "मलाबी म्हणले हुते एकदा. खडीचं."

आता सांगा, मी काय समजू? त्यानं माझी री ओढली, की तुम्ही खरंच त्याला म्हणाला होतात आणि मला नव्हतात?

पुढचे दोन रविवार आम्ही खडी उचलली. सकाळी सातपासून घमेली, पाट्या, फावडी. ज्यांनी कधी घरचा केर उचलला नाही ते वाकून खडे वेचत होते. लखन दोन्ही रविवार आला, बायकोही आली. सिद्धार्थ आणि तो एकाच घमेल्याचे दोन कान धरून नेत होते. दुसऱ्या रविवारी मी त्याच्या शेजारी बसून खडे वेचत होतो, तेव्हा विचारलं, चहा पिताना दाजींनी नेमकं काय काय विचारलं होतं? आता तरी मला विचारायचं सुचलं.

तो आठवून आठवून सांगायला लागला. कंपनीत किती वर्षं, खाडा झाला तर पगार कापतात का, बायको कामाला जाते का. मग म्हणाला, "पूछे, पैर टूटा तो क्या करोगे? मैं बोला, टूटेगा तो टूटेगा अंकल, खेलना तो है. फिर बोले, मत आना."

मी हातातला खडा घमेल्यात टाकला. एखादा सिग्नल हुकला तर काय होतं ते जन्मभर डोक्यात ठेवून गाडी हाकलेला माणूस. त्याच्यासमोर एक जण हसत म्हणतो, मोडला तर मोडला. तुम्हाला त्याची बायको दिसली असेल, एक खोली दिसली असेल. म्हणून नको म्हणालात. माझ्या बोलण्याचा काही संबंध नाही. असंच असेल.

असंच असावं असं मला फार वाटतंय, दाजी, आणि म्हणूनच माझा त्यावर विश्वास बसत नाही. ज्या उत्तरात माझी सुटका आहे तेच बरोबर कसं निघेल? शिवाय नाव तसंच ठेवलंत त्याचं काय? एक-दोन दिवसांत फ्रान्सिस काकांशी बोलणार होतात? की माझ्याशी?

मी लखनला सगळं सांगितलं. गुरुवारचं, रविवारचं, आणि त्याच्या पायाचं काही झालं तर क्लबाकडं द्यायला सहानुभूतीशिवाय फारसं काही नाही, हेही. आणि विचारलं, तुला काय करायचंय? त्यानं बायकोकडं पाहिलं. ती म्हणाली, खेलने दो. एवढ्यावर ते ठरलं.

परवा संध्याकाळी सराव बघितला. बॉल जमिनीवरून सरळ जातो आता. जिथं मारावा तिथं पोचतो. पोरं आपोआप खाली खेळायला लागली आहेत, छोटे पास, धीरानं, जसं मी तेवीस वर्षं सांगत आलो तसं. तुमचं नाव घेऊन एक खोटं बोललो आणि त्यावर माझाच मुद्दा जिंकलो. मला त्यात काही गोडी लागली नाही. मी कडेला उभा होतो आणि उजव्या बाजूला तुमच्याएवढी जागा सोडली होती, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

शुक्रवारी मी जे बोललो ते चुकीचं होतं. ते तुमच्या तोंडावर कबूल करायचं होतं, ते राहिलं. तुम्ही मला दुसरी भाकरी न मागता वाढलीत, मोठ्यानं बोलायला शिकवलंत, आणि ते बोलणं शेवटी तुमच्यावरच चालवलं मी. यातलं काहीच मी तुम्हाला कधी म्हणालो नाही. आपल्यात बोलणं खूप व्हायचं, पण सगळं फुटबॉलचं.

उद्या सकाळी शिरूरवाल्यांशी मॅच आहे. सिद्धार्थ पहिला हाफ बाहेर बसणार, त्यानं स्वतःच सांगितलंय. अक्का येणार म्हणते. इतक्या वर्षांत ती एकदाही मैदानावर आली नाही, उद्या येणार. मघाशी तिनं विचारलं, आपली पोरं कुठल्या रंगात असतात, बसायचं कुठं, बाया असतात का. मी सांगितलं. मग म्हणाली, "लोकं वरडत असतील ना? मी काय वरडू? 'उडव' म्हणू का 'खाली ठेव' म्हणू? आता मैदान साफ झालंय, तर ते काय वरडलं असतं?"

मी म्हणालो, "मला खरंच माहीत न्हाई, अक्का."

ती म्हणाली, "मग तू तुझं वरड. मी त्यांचं वरडते."